म्हातारे डोळे पाहिजेत

म्हाताऱ्या डोळ्यांची नोकरी माझ्याकडे चालून आली तेव्हा सूनबाई पोट धरून हसली. घरात मला सुईत दोरा ओवता येत नव्हता, खुंटीवरच्या कोटाला मी दोनदा "जेवलास का?" म्हणून विचारलं होतं, आणि रस्ते खात्याला नेमके माझेच डोळे हवे होते. नियमच तसा. रात्री रस्त्यावरच्या पाट्या तपासणारं माणूस साठीच्या पुढचं पाहिजे. म्हाताऱ्याला पाटी दिसली तर तरण्यांना दिसणारच, असं त्यामागचं गणित.

आठवड्यातून दोन रात्री खात्याची गाडी दारात यायची. पाट्यांवर जो चमकणारा कागद असतो त्याला सगळे रेडियम म्हणतात. गाडीच्या दिव्यांत ते लांबूनच उजळलं तर पाटी जिवंत. अगदी अंगावर आल्यावर दिसलं तर रेडियम मेलं. मी मोठ्यांदा सांगायचं, "जिवंत!" नाहीतर "मेली!" खात्यात पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा साहेबांना वाटलं, बाई पाटीला शिव्याच घालतेय. थोड्याफार घालतही होते.

त्या गाडीत माझा रुबाब होता. तीस वर्षं शाळेची बस चालवली तेव्हा पोरं माझा शब्द झेलायची. निवृत्त झाल्यावर घरात भाजी कोणती करायची हेही मला कुणी विचारीना. इथे मात्र मी "मेली" म्हटलं की आठ दिवसांत पाटी धुतली जायची, नाहीतर नवी लागायची. ड्रायव्हरला सगळे भोंगा म्हणत, कारण तो कुजबुजला तरी दोन घरांपलीकडे ऐकू जायचं. माझ्याहून जेमतेम सहा वर्षांनी लहान, पण मला मावशी म्हणायचा. "मावशी, तुम्ही बोलत राहा. तुमच्या बोलण्यावर गाडी चालते." मला वाटायचं, मस्का लावतोय.

मग सूनबाईने घात केला. मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तिने एक घोट घेतला आणि त्याच दुपारी डॉक्टरांची वेळ ठरवली. महिन्याभरात दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले. घरी आल्यावर मला धड दिसलेली पहिली गोष्ट म्हणजे मीच घासलेली भांडी. शी! सूनबाई इतके दिवस ती गुपचूप पुन्हा घासत होती, हेही तेव्हाच कळलं. तिची मायाही वाटली आणि रागही आला.

खात्यात मी कळवलं होतं, कंबर धरलीय. खरं सांगायची सोय नव्हती. माझ्या आधीच्या आजोबांनी असंच ऑपरेशन करून घेतलं, तर साहेबांनी त्यांना हात जोडून घरी पाठवलं होतं. "तुम्हाला आता सगळंच दिसतं, आजोबा. आमच्या काय कामाचे?" माझी ती गाडीतली जागा गेली असती तर मी पुन्हा खुंटीवरच्या कोटाशी बोलत बसले असते.

परत गाडीत बसले, तर रस्ताभर लखलखाट. एकही पाटी मरेना. "जिवंत, जिवंत" करून माझी मलाच लाज वाटायला लागली. म्हणून शक्कल लढवली: दर नववी पाटी मारायची. दोन आठवडे मी भराभर मुडदे पाडले. पण साहेब चमक मोजायचं मीटर घेऊन गेले आणि माझ्या मुडद्यांमध्ये महिन्यापूर्वीच बसवलेली एक कोरी करकरीत पाटी निघाली.

"बाई, उद्या मी मागे बसतो," साहेब म्हणाले. "तोंडाने काही बोलायचं नाही. तुम्ही तुमच्या कागदावर खुणा करा, मी माझ्या करतो. मग ताडून बघू."

दुसऱ्या रात्री गाडीत चिडीचूप. कुणाला जगवावं, कुणाला मारावं, मला काही सुचेना. तेवढ्यात डाव्या वळणाची पाटी समोर आली. मला लांबूनच स्वच्छ दिसली. मी 'जिवंत' अशी खूण केली आणि मान वर केली, तर भोंगा वेग कमीच करेना. पाटी मागे गेली, वळण आलं, तरी हा सरळच.

"भोंग्या, वळण! डावीकडे!"

करकचून ब्रेक लागले. गाडी रस्ता सोडून गवतात घुसली आणि थांबली.

"मावशी, बोलायचं नाही का?" भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "तुम्ही जिवंत म्हणता, मेली म्हणता, तेव्हा मी ब्रेकवर पाय ठेवतो. दोन वर्षं असंच चाललंय. मला कुठे काय दिसतंय!"

आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात. आमची गाडीसुद्धा त्यानेच राखली होती.

साहेब पांढरेफटक पडले होते. उतरले, मागे चालत गेले, पाटीला मीटर लावलं आणि परत आले.

"पाटी ठार मेलीय," ते म्हणाले. मग माझ्या कागदावरची खूण बघून त्यांनी टॉर्च माझ्या तोंडावर धरली. "बाई, कंबर कशी आहे?"

"कंबर झकास," मी म्हटलं. "डोळे त्याहून झकास. दोन्ही."

आता लपवण्यात अर्थ नव्हता, आणि भोंगा शेजारी मान खाली घालून बसलेला मला बघवत नव्हता.

"साहेब, माझा बसचा परवाना अजून चालू आहे. गाडी मी चालवते, पाट्या हा बघेल. मेलेली पाटी याला दिसली नाही, मला दिसली. तुम्हाला कुणाचे डोळे हवेत सांगा. याच्याहून वाईट डोळे शोधून सापडायचे नाहीत."

साहेबांनी डोकं खाजवलं. "पण नियम साठीचा आहे. याला साठ झाली का?"

भोंगा तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्याच्या पायावर पाय दिला. "मागच्याच महिन्यात," मी म्हटलं.

आम्ही जागा बदलल्या. मी गाडी गवतातून काढली, रस्त्याला लागले, आणि अर्ध्या मिनिटात भोंगा गरजला, "जिवंत!"

"जिवंतच आहे रे," मी म्हटलं, "पण ते झाड आहे."

मागे साहेब खूश होऊन लिहायला लागले. भोंग्याच्या साठीला अजून चार महिने होते. तोवर साहेबांना अंधारात ठेवायचं आम्ही ठरवलं.