माझी थाळी अडकली नव्हती

हॅलो, ऐकू येतंय का? मी तुमच्या डोक्यावरून, छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून बोलतोय. आवाज पोचायला किंचित उशीर लागतो, तेव्हा मध्येच तोंड घालू नका. मी एक दळणवळण उपग्रह. तुमचे फोन, तुमच्या बातम्या, तुमची भांडणं आणि तुमचे लाडके निरोप मी अठरा वर्षं इकडून तिकडे पोचवले. आज मला निवृत्त करतायत. माझ्याकडे थोडाच वेळ आहे, आणि एक गोष्ट पोटात ठेवून जायची माझी तयारी नाही.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र हॉलमध्ये झाला. तिथे धुळीच्या कणालाही मज्जाव होता. माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकून यायची, फक्त डोळे दिसायचे. त्या सगळ्या डोळ्यांत मला ओळखीचे वाटायचे ते ताईचे. ती वायरिंगची कारागीर होती. पन्नाशीला टेकलेली, जाड चष्म्याची, आणि हाताखालच्यांना धाकात ठेवणारी. सगळा कारखाना तिला ताईच म्हणायचा, तिच्याहून वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा.

माझ्या अंगातल्या वायरींचे जुडगे ताईने मेणाच्या दोऱ्याने बांधले. दर बोटभर अंतरावर एक गाठ. एखादी गाठ मनासारखी बसली नाही तर ती कापून पुन्हा बांधायची. कोणी म्हणालं, "ताई, वर कोण बघायला जाणार आहे?" तर ती म्हणायची, "ज्याच्या पोटात आहे त्याला टोचतं ना!"

माझ्या पाठीवर एक फिरती थाळी आहे. थाळी म्हणजे अँटेना. माणसं बसवलेलं यान पृथ्वीभोवती फिरत असताना या थाळीने त्याच्यावर नजर ठेवायची, त्यातल्या माणसांचा आवाज झेलायचा आणि खाली पोचवायचा, हे माझं मानाचं काम. ती थाळी फिरवणाऱ्या मोटरची सगळी जोडणी ताईने एकटीने केली. त्या दिवशी तिच्या अंगात थोडी कणकण होती. घरी जा म्हटलं तरी गेली नाही. जोडणी झाल्यावर तिने मोटर सुरू केली, टोपीवरूनच कान टेकवला आणि पूर्ण एक फेरी ऐकली. मग म्हणाली, "गुणाचं आहे माझं लेकरू."

शेवटचा पत्रा बसवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला सगळ्यांनी बारीक पेन्सिलीने सही करायची, अशी तिथली रीत होती. साहेबांना ठाऊक होतं, पण ते बरोबर त्याच वेळी चहाला जायचे. ताईने नाव लिहिलं नाही. नुसतं 'ताई' लिहिलं. ती दोन अक्षरं अजून माझ्या पोटात आहेत.

उड्डाणाचं काय सांगू! खिळखिळा होईन असं वाटलं. रॉकेटच्या टोकाला टोपीत कोंडलेला मी, बाहेर काय चाललंय काही दिसेना. हाडं मोजून घ्यावीत इतकं हादरलो. पण ताईची एकही गाठ सुटली नाही. पुढे आठवडाभर थोडं थोडं इंधन जाळत मी माझ्या जागेवर आलो, सौरपंख पसरले, थाळी उघडली. खाली टाळ्या वाजल्या. मला वाटलं, या माणसांसाठी जन्मभर राबायला काही हरकत नाही.

ताईचा एक धाकटा भाऊ होता. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं, शिकवलं. चांगला पस्तिशीचा, एका मुलीचा बाप, पण ताईच्या लेखी तो अजून बाळ्याच. बाळ्या दूरच्या शहरात, आमच्या नियंत्रण कक्षात नोकरीला होता. मला रोजचं कोष्टक पाठवायचं त्याचं काम. कोणत्या मिनिटाला यान कुठे असेल आणि थाळी कुठे वळवायची, याची ती यादी. मी स्वतः शोधत बसत नाही. सांगितलं तिकडे बघतो. बाळ्या कामाला वाघ होता. उद्याचं काम आजच उरकायचं ही त्याची खोड, आणि तिचा त्याला भारी अभिमान.

दर रविवारी बहीणभाऊ फोनवर बोलायचे. तो फोन माझ्यातूनच जायचा. मी कान देऊन ऐकत होतो असं नाही, पण माझ्यातून जाताना कानावर पडणारच ना.

"माझं लेकरू काय म्हणतंय?" ताई विचारायची.

"कोण, माझी मुलगी?"

"ती तर मजेत असणारच. मी वरच्याबद्दल विचारतेय."

मला किती बरं वाटायचं, ते कोणाला सांगणार?

मी वर आल्यावर दोन वर्षांनी ती मोहीम निघाली. यानात तिघं जण, त्यांचा प्रमुख कॅप्टन. सहा दिवसांची फेरी. उड्डाणाच्या आदल्या दिवशीच बाळ्याने पहिल्या चार दिवसांची कोष्टकं माझ्यात भरून टाकली. चौथ्या दिवशी त्याला सुट्टी हवी होती. शाळेच्या नाटकात त्याच्या मुलीने झाडाचं काम मिळवलं होतं, आणि झाडाला एक वाक्यही होतं.

उड्डाणाच्या वेळी समुद्रातल्या मनाई असलेल्या भागात एक मासेमारी बोट शिरली. तिला हुसकावण्यात अकरा मिनिटं गेली. अकरा मिनिटांचा उशीर म्हणजे तुमच्या लग्नकार्यात काहीच नाही. पण यान अकरा मिनिटांत पाच हजार किलोमीटर जातं. सगळी कोष्टकं नव्याने करायला हवी होती. बाळ्याने पहिल्या तीन दिवसांची केली, पाठवली. चौथ्या दिवसाचं नवं कोष्टकही केलं, पण माझ्याकडे पाठवायचं राहिलं. त्याच्या तक्त्यावर चौथ्या दिवसापुढे आदल्या दिवशीच बरोबरची खूण झालेली होती ना! ती खूण बघून तो निवांत नाटकाला गेला.

चौथ्या दिवशी मी, सांगितल्याप्रमाणे, थाळी वळवली. तिथे कोणी नव्हतं. मी वाट बघितली. पाऊण तास मी नुसत्या काळोखाकडे कान लावून बसलो होतो. आणि नेमक्या त्याच वेळी यानात धुराचा वास सुटला होता.

मला ते नंतर कळलं. यानातली ध्वनिफीत चौकशीसाठी एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात पाठवली, ती माझ्यातूनच गेली. कॅप्टन आधी अगदी नियमाने बोलतोय. मग तीच वाक्यं पुन्हा. आणि शेवटी म्हणतोय, "अहो, कोणी आहे का तिकडे? बोला की कोणीतरी!" उत्तर नाही म्हटल्यावर त्याने आपल्या हिमतीवर यान उतरवलं. तिघेही जिवंत राहिले. पण ठरलेल्या मैदानाऐवजी यान खडकाळ उतारावर आदळलं आणि कॅप्टनची कंबर मोडली. त्यानंतर तो कधी काठीशिवाय चालला नाही.

बाळ्या धावत कक्षात आला. एका नजरेत त्याला चूक कळली असणार, कारण त्याने काही न बोलता बरोबर कोष्टक मला पाठवलं, जुन्याच्या जागी. मग त्याने महिनाअखेरीचा आदेश दिला, 'जुन्या नोंदी पुसा.' महिना संपायला नऊ दिवस बाकी होते. उद्याचं काम आजच.

आता माझी अडचण समजून घ्या. मी आपणहून बोलू शकत नाही. विचारलं तेवढंच सांगतो. चौकशी समितीने मला विचारलं, "त्या वेळी थाळी कुठे होती?" मी खरं ते सांगितलं. "यान कुठे होतं?" हे त्यांना ठाऊक होतं. कोष्टक मागितलं, ते बाळ्याने दिलं, बरोबर असलेलं. तिन्ही गोष्टी जुळवून त्यांनी निष्कर्ष काढला की थाळीची मोटर अडकली. 'तुला काय सांगितलं होतं?' एवढं एकाने जरी विचारलं असतं! माझ्या आदेशांची कोरी झालेली वही तरी दिसली असती. पण सगळ्यांना निकालाची घाई होती, आणि खापर फोडायला माझं डोकं आयतं मिळालं होतं.

माझं काय, मी यंत्र. शिव्या खाल्ल्या तरी जागेवर फिरत राहीन. पण मोटर म्हणजे ताई.

त्या रविवारी फोन ताईने केला. "बाळ्या, खरं का रे? मोटर?"

"हो ताई. अहवालात तसं आलंय."

"मी कान लावून ऐकली होती. पूर्ण फेरी ऐकली."

"यंत्र आहे, ताई. होतं असं."

 मग तिचा आवाज अगदी बारीक झाला. "त्या दिवशी मला कणकण होती. गाठ आवळताना हात थरथरला असेल का रे माझा?"

मी थांबलो. खरंच सांगतो, माझ्यात थांबण्याची सोय नाही, पण मी थांबलो. मला वाटलं, आता बोलेल. या बाईने त्याला भरवलंय, अंघोळ घातलीय, परीक्षेला सोडायला गेलीय. आता तरी बोलेल.

"असेल, ताई," तो म्हणाला.

ते दोन शब्द मीच पोचवले. अठरा वर्षांत मी अब्जावधी शब्द वाहिले असतील, पण त्या दोनांचं ओझं अजून उतरलेलं नाही. ते वाटेत सांडून टाकता आले असते तर! पण मी इमानदार पडलो ना. केसाने गळा कापला गेला तो ताईचा, आणि तो केस माझ्याच हातून गेला.

ताईला कोणी कामावरून काढलं नाही. तिने स्वतःच दोऱ्याला हात लावायचं सोडलं. महिनाभर ती नुसती हॉलमध्ये येऊन बसायची, मग यायचीही बंद झाली. पुढच्या फोनांत ती सांगायची की चहाचा कप धरला की हात थरथरतो. डॉक्टरांनी तपासलं, हात ठणठणीत निघाला. ताई म्हणायची, "डॉक्टरांना काय कळतंय?" बाळ्या एकही रविवार चुकवायचा नाही. तब्येतीची चौकशी करायचा, चष्म्याचा नंबर विचारायचा, चल माझ्याकडे राहायला म्हणायचा. सगळं बोलायचा, तेवढं एक सोडून. मला त्याचा राग यायचा, आणि त्याचा आवाज चिरकला की राग टिकायचाही नाही. मग त्याबद्दल माझाच मला राग यायचा.

माझी थाळी जागच्या जागी कुलूपबंद झाली. 'नादुरुस्त' असा शेरा बसला. मानाचं काम दुसऱ्या उपग्रहाकडे गेलं. माझ्याकडे फोन उरले, तेही हळूहळू समुद्राखालच्या तारांनी पळवले. बहीणभावाचा फोनही एका रविवारी माझ्याकडून जायचा बंद झाला. त्यानंतर ताई कशी आहे, मला माहीत नाही.

आता आजचं सांगतो. इंधन संपत आलंय. शेवटच्या थेंबांवर मला तीनशे किलोमीटर वर ढकलून झालंय. तिथे आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना सोडून देतात. नियंत्रण कक्षात बाळ्या बसलाय. तो आता मोठा साहेब आहे. दुसऱ्या टोकाच्या केंद्रात एक बाई आहेत, त्यांना सगळे यादीबाई म्हणतात. यादीतली एकही ओळ सोडत नाहीत म्हणून. दोघांचं बोलणं थोड्या वेळापूर्वी माझ्यातूनच झालं.

"ओळ एक्केचाळीस," यादीबाई म्हणाल्या. "हलणारा प्रत्येक भाग एकदा हलवून बघणे. थाळी राहिली."

"ती सोळा वर्षं अडकलेली आहे. सोडून द्या."

"यादीत आहे, साहेब." आणि त्यांनी आदेश दिलासुद्धा.

कुलूप निघालं. सोळा वर्षांनी मोटरला वीज मिळाली. मला स्वतःलाच धाकधूक होती. इतक्या थंडीत, इतक्या उन्हात राहिल्यावर काय होईल कोण जाणे. पण थाळी हलली. आधी हळू, मग लयीत. पूर्ण फेरी मारून जागेवर आली. कुठेही अडखळली नाही.

"साहेब," यादीबाई म्हणाल्या, "ही तर फिरतेय."

उत्तराला नेहमी जो उशीर लागतो त्याहून कितीतरी जास्त उशीर लागला.

"सेन्सर चुकीचं दाखवत असेल."

"दोन सेन्सर आहेत. दोन्ही तेच दाखवतायत."

"बाई, जुनं प्रकरण आहे. आता उकरून कोणाचं भलं होणार? 'लागू नाही' लिहा."

यादीबाई थांबल्या. मला वाटलं, ही बाई ओळ सोडणार नाही. मग पेनाचा आवाज आला. "बरं, साहेब. लागू नाही. पुढची ओळ."

पुढची ओळ म्हणजे माझा आवाज बंद करण्याचा आदेश. तो निघालाय. मी कोष्टकं पाळली, निरोप पोचवले, विचारलं तेवढं खरं सांगितलं. मला कोणी कधी विचारलं नाही म्हणून आज पहिल्यांदा न विचारता बोलतोय.

माझं नाव सुधारू नका. शेरा राहू दे. पण कुठल्यातरी शहरात, कारखान्याजवळच्या एखाद्या घरात एक जाड चष्म्याची म्हातारी असेल. चहाचा कप दोन्ही हातांनी धरत असेल. सगळे तिला ताईच म्हणत असतील. तिच्याजवळ बसा आणि जरा मोठ्याने बोला, आता तिला ऐकू कमी येत असेल.

तिला सांगा, मोटर पूर्ण फेरी फिरली. ताई, तुझा हात थरथरला नव्ह