गाऱ्हाणं अडलं तेव्हा

मी एक जुना माईक आहे. लालबागच्या एका चाळीच्या ऑफिसात, गणपतीच्या पताकांखाली वर्षभर पडून असतो. जाळी चेपली आहे, वायर दोनदा जोडली आहे. थकलोय मी, मित्रांनो. "हॅलो, चेक, चेक" ऐकून कान किटले बाबा!

एकच काम मला मनापासून आवडायचं. गणपती बसला की धोंडूकाका मला हातात घेऊन गाऱ्हाणं घालायचे. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या चाळीच्या वतीने देवाकडे मागणं. काकांचं आयुष्य गिरणीत गेलेलं. मालवणीत हिंदी, इंग्रजी, सगळं कालवून ते खणखणीत बोलायचे, "बा देवा म्हाराजा, आमच्या चाळीतल्या वैभवाक पर्मनंट नोकरी गावांदे, नळाक टायमावर पाणी येवंदे, आणि खालीपिली भांडतत त्यांका अक्कल येवंदे!" सगळी चाळ ओरडायची, "होय म्हाराजा!" अहाहा, काय बरं वाटायचं!

पण हेच काका घरात नातीला दटावायचे. त्यांची खोली ऑफिसाला लागून, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. छोटी अक्षदा "माका व्हया" म्हणाली की लगेच, "गावंढळासारखं बोलू नको. शाळेत हसतील. 'मला हवंय' म्हण." पोर शहाणी, तिने ऐकलं. चाळीतल्या बाकीच्या घरांतही हेच चाललं होतं.

यंदा काकांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. आता गाऱ्हाणं कोण घालणार? तरण्या पोरांपैकी कुणालाच येईना. शेवटी अक्षदाने मला उचललं.

"बा देवा म्हाराजा, आमच्या चाळीतल्या... मुलांका..." ती थांबली. "सॉरी हां. मला पुढचं नाही येत."

कुणी हसलं नाही. काका पुढेच खुर्चीत बसले होते. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि मला त्यांच्या ओठांशी धरलं. "आजोबा, तुम्ही सांगा ना. मी तुमच्यामागून म्हणते."

काकांचे ओठ हलले. डोळ्यांतून पाणी आलं. मी जीव तोडून ऐकलं, पण मला नुसता श्वास ऐकू आला. स्पीकरमधून तोच घरघरत राहिला, आणि सगळी चाळ हात जोडून वाट बघत उभी राहिली.

मित्रांनो, मला भंगारात टाकलंत तरी चालेल, दुसरा माईक मिळेल. पण तुमच्या घरात कुणाचा आवाज अजून शाबूत असेल, तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा रे. त्याच्या बोलीत बोला, चुकलात तरी बोला. तो तुम्हाला सुधारू शकतोय तोवर बोला.