खांडीचं पान

"रविवारची वाचणी रद्द करा," मी म्हटलं.

हैबतरावांनी छपाईच्या ट्रेडलवरचा पाय काढला नाही. लग्नपत्रिकेचे शेवटचे शे-दीडशे कागद उरले होते. ते संपले, यंत्र थांबलं, मग त्यांनी रॉकेलच्या बोळ्यानं बोटं पुसली.

"का रे? गावात कोण गेलं?"

"कोण नाय गेलं. मला एजंट मिळालाय."

"जमिनीचा?"

प्रश्न चुकीचा नव्हता. २००७ साल होतं. पेणच्या खाडीपट्ट्यात कंपन्यांसाठी जमिनी उचलायला टपरीटपरीवर एजंट बसलेले. चहा पाजून सातबारा मागायचे.

"पुस्तकाचा," मी म्हटलं. "मुंबईची एक बाई हाय. लेखकाच्या वतीनं मोठ्या प्रकाशकांशी बोलते. चार दिवसांत वाचलं तिनं माझं."

"आख्खं?"

"आख्खं. पानांचे नंबर घालून पत्र पाठवलंय."

"मग बाई चांगली असणार," हैबतराव म्हणाले. मनापासून म्हणाले. मला राग यायला हवा होता तो त्यांनी येऊच दिला नाही.

माझ्या रागाचं थोडं सांगतो. मी सातवी पास. धाटावच्या कारखान्यात ऑपरेटर. बाजारात रद्दीतून जे हाती लागलं ते वाचून लिहायला शिकलो. आमच्या खारबांधावर, मिठागरावर, आमच्या बोलीत दोनशे बारा पानं लिहिली. पुण्यामुंबईच्या चार प्रकाशकांकडे पाठवली. दोघांनी पाकीट न फोडता परत केलं. तिसऱ्यानं 'प्रादेशिक रंग छान' असं लिहून परत केलं, म्हणजे मी काय भिंत रंगवत होतो. चौथ्यानं उत्तरच दिलं नाही. त्या लोकांना मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही.

हैबतरावांनी मात्र दारात उभ्याउभ्या सहा पानं वाचली आणि म्हणाले, "आत ये." रोह्यात त्यांचा एका गाळ्याचा छापखाना. पोट लग्नपत्रिकांवर चालायचं आणि दोन-तीन वर्षांनी एक पुस्तक निघायचं. कुणा नर्सच्या कविता, कुणा मास्तरानं लिहिलेलं नदीचं पुस्तक. तीनशे प्रती, त्याही पिशवीत घालून स्वतः वाचनालयांत पोचवायचे. त्यांची एक पद्धत होती. ज्या गावाचं पुस्तक, त्या गावात जाऊन छापायच्या आधी ते एक प्रकरण मोठ्यानं वाचायचे. त्याला ते वाचणी म्हणायचे. कुणी म्हटलं की असं घडलं नव्हतं, असं आम्ही बोलत नाही, की पेन्सिलीनं समासात लिहून घ्यायचे. "डोळ्याला चूक दिसत नाही, कानाला दिसते," एवढंच त्यांचं म्हणणं.

"बाईंची अट काय?" त्यांनी विचारलं.

"सहा महिने कुणाकडे छापायचं नाय, वाचून दाखवायचं नाय. एकदा लहान प्रकाशकाकडे निघालं की मोठे हात लावत नाहीत म्हणते. आणि खांडीचं पान सुरुवातीला घ्यायचं."

"किंकाळीवालं?"

"तेच. ते वाचूनच तिनं फोन केला."

हैबतराव पत्रिकांचा गठ्ठा ठोकून सारखा करत राहिले. मग म्हणाले, "रविवारी मी येतोच. गावाला सांगून झालंय, आता नाही म्हटलं तर बरं दिसत नाही. वाचू की नुसता चहा पिऊ, ते तिथं सांग."

संध्याकाळच्या दिवा गाडीनं पेणला निघालो. निडी येईपर्यंत माझं ठरलं होतं, एजंट. नागोठण्याला ठरलं, हैबतराव. घरी पोचलो तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं.

बायको रंभा भाकरी थापत होती. "इचार कसला करताव? मुंबईवाली तुमचा वाचते, इंग्रजीत पन काढीन म्हन्ते, नि तुमी लग्नपत्रिकावाल्याला धरून बसलाव?"

"तो पयला माणूस हाय ज्यानं मला आत बोलावलं."

"आत बोलावला तं चा पिऊन या की. पुस्तक कशाला द्यायला पायजे?"

ती चुकत नव्हती. आजही पेणात नवी लिहिणारी पोरं येऊन मला विचारतात, काका, आधी एजंट की आधी छोटा प्रकाशक? मी सल्ला देत नाही. तेवढी अक्कल मला नाही. मी त्या रविवारचं सांगतो.

रविवारी सकाळी हैबतराव रामवाडीला एसटीतून उतरले आणि मिळेल त्या रिक्षानं गावात आले. धुतलेलं धोतर, खांद्याला पिशवी. आमच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती. खांबाला टेकून सखा म्हातारा. दाराशी ठमाकाकी. तिचा नवरा गुणाजीकाका हाच माझ्या खांडीच्या पानातला माणूस.

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. उधाणाची भरती बांध फोडून शेतात घुसली की दर घरटी एक माणूस धावायचा. आठ-दहा पुरुष हातात हात अडकवून भगदाडात उभे राहायचे. त्यांच्या अंगांना पाणी अडायचं, तेवढ्यात बाया चिखलाची ढेकळं हातोहात द्यायच्या, पेंढ्याचे भारे दाबायच्या. बाईमाणसानं मात्र खांडीत उतरायचं नाही, बांध टिकत नाही, अशी गावाची समजूत. गुणाजीकाका ज्या भरतीत गेला, त्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो, शाळेच्या माळ्यावर बसवलेला. पाहिलं काहीच नव्हतं. मोठा झाल्यावर लिहून काढलं.

"काय रे, वाचू की चहा?" हैबतरावांनी हळूच विचारलं.

माणसं बघत होती. मी म्हटलं, "वाचा. तेवढं एकच पान." स्वतःशी म्हटलं, बाईंना कोण सांगायला जातंय.

हैबतराव वाचायला लागले. आवाज काही भारी नव्हता, पण एक शब्द गिळायचे नाहीत. पाणी छातीला आलं. गुणाजीचा पाय सरकला. साखळी तुटली. आणि मग त्याची किंकाळी, चांगली बारा ओळींची, बांधावरून खाडीवर, खाडीवरून डोंगरावर आपटणारी. माझं सगळं शिक्षण मी त्या बारा ओळींत ओतलं होतं. वाचून झालं तेव्हा दोन बायांनी डोळ्यांना पदर लावला. माझी छाती फुगली. खोटं कशाला सांगू?

"किंकाली नाय मारली त्यानी," ठमाकाकी म्हणाली.

हैबतरावांनी पिशवीतून पेन्सिल काढली. "मग काय झालं, ठमाबाई?"

"बोलला. माजा पाय गेला, दुसरा उभा करा. आमी भात लावताना बोलतो ना, तसा बोलला. नि गेला."

मी विचारलं, "मग दुसरा कोण उभा ऱ्हायला?"

काकी सखाकडे बघत होती. सखा जमिनीकडे.

"सांग आता," काकी म्हणाली.

"हीच," सखा म्हणाला. "माज्या डाव्या अंगाला. मी बोल्लो, ठमे वर जा. आयकला नाय. हात धरलान माजा."

"किती वेल गो काकी?" रंभानं विचारलं.

"ओहोटी लागंस्तवर."

त्या भरतीनंतर अडतीस वर्षं ही बाई आमच्या शेजारी राहत होती. मी तिच्याकडून मीठ, मिरची, विस्तव आणला होता. "इतकी वर्सं तू बोललीस कशी नाय?"

"तू कंदी इचारलास? तू लिवलास." रागानं नाही म्हणाली. तिथं कुणाला राग दाखवायची गरज नव्हती.

हैबतरावांनी समासात लिहिलं. लिहिलेलं परत वाचून दाखवलं. काकीनं दोन शब्द बदलायला लावले. बारा ओळींच्या जागी साडेतीन ओळी झाल्या.

सोमवारी मी पेणच्या नाक्यावरून मुंबईला बाईंना फोन केला. वाचून दाखवल्याचं कबूल केलं, नवं पान सांगितलं. त्या म्हणाल्या, "शिवाजीराव, साधं झालं हो. किंकाळीनं मला हलवलं होतं. मी ती विकू शकते. हे मला विकता येणार नाही." खोटं बोलल्या नाहीत त्या, त्याचा मान आहे मला. किंकाळी ठेवा, मी वाचणीचं विसरते, असंही म्हणाल्या. मी नको म्हटलं आणि फोन ठेवला. पुस्तक हैबतरावांनी काढलं. तीनशे प्रती. पुण्यामुंबईत त्याला आजतागायत कुणी विचारलेलं नाही. आता हैबतराव नाहीत. त्यांच्या गाळ्यात मोबाइलचं दुकान आहे, मी रोह्याला गेलो की समोरच्या बाजूनं चालतो. कधी कधी वाटतं, बाईंचं ऐकलं असतं तर आज नाव झालं असतं. वाटतं, आणि स्वतःचीच चीड येते. दोन्ही खरं.

पण त्या रविवारचं एक राहिलं.

काकीनं सांगितलेलं लिहून झाल्यावर सखा एकदम म्हणाला, "हैबतराव, ता छापू नका. बाई खांडीत उतरली असा लोकांना कल्ला तं बांधाला बोल लागंल." दोघातिघांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, व्हय, पयला होता तसाच ऱ्हावद्या, किंकालीच बरी.

हैबतरावांनी कुणाशी वाद घातला नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. पेन्सिल कानावर ठेवून त्यांनी ठमाकाकीला विचारलं, "तुम्ही सांगा. छापू?"

काकीनं पदर नीट केला. तिला घाई नव्हती.

"छाप," ती म्हणाली. "बांध अजून उभा हाय."

मग ती उठली. घरी सून एकटी होती, दुपारचं व्हायचं होतं. ओट्याच्या पायऱ्यांवर माणसं दाटीनं बसली होती. एरवी बाईमाणूस जायला निघालं की ही माणसं फार तर गुडघा आवळतात आणि ती अंग चोरून उतरते. सखा आधी उठला, खांबाला धरून. मग त्याच्या खालच्या पायरीवरचा. मग सगळेच. पायऱ्या रिकाम्या झाल्या आणि माणसं दोन्ही बाजूंना अंगणात उभी राहिली. काकी एकेक पायरी उतरून मधून गेली, आणि ती कुंपणाआड जाईपर्यंत कुणी परत बसलं नाही.