दोष आढळला नाही

नवं दार बसवून अकरा दिवस झाले, पण धाकटीची काळजी काही मिटायला तयार नव्हती. दार दिसायला राजबिंडं! गडद निळं, आत फोम, वर फायबर, म्हणे कॉम्पोझिट. हँडल वर उचललं की तीन खिट्ट्या चौकटीत जायच्या, मग किल्ली फिरवायची. अण्णा घरात राहावेत, एवढ्यासाठी तर घेतलं होतं. अण्णा म्हणजे तिचे वडील, टपाल खात्यातून निवृत्त. हल्ली सगळंच विसरायला लागलेले, पण दुपारची दुसरी खेप पक्की लक्षात. चार वाजले की निघालेच पत्रं वाटायला! मागच्या महिन्यात हमरस्त्यावर ट्रकसमोर उभे सापडले.

आणि या दारानं नेमका चारच्या सुमारालाच दगा द्यावा! सकाळी कसं अलगद लागायचं. तीनचं ऊन पडलं की मेलं तापून वाकायचं. वरची खिट्टी चौकटीला अडायची, किल्ली फिरायचीच नाही. पाचनंतर पुन्हा शहाण्यासारखं सरळ. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

कंपनीचा माणूस यायचा तो सकाळी दहाला. आजही आला, हँडल उचललं, किल्ली फिरवली.

"ताई, एक नंबर लागतंय की."

"अहो, दुपारी या ना! तीनला बघा त्याचे रंग."

"दुपारी मी दुसऱ्या भागात असतो."

"मग मी वरून एक कडी तरी बसवून घेते."

"घ्या की. पण दाराला भोक पाडलंत की गॅरंटी गेली. नंतर माझ्या नावानं ओरडू नका."

त्यानं कागदावर 'दोष आढळला नाही' असं लिहिलं. तिसऱ्यांदा! धाकटीनं सही केली आणि कडीचा विचार सोडून दिला. एवढं महागाचं दार, त्याची गॅरंटी कशी घालवायची?

तीन ते पाच ती दाराला खुर्ची लावून त्यावरच बसायची. जीव नुसता टांगणीला. त्या दुपारी मागच्या अंगणात वाऱ्यानं चादर उडाली, ती उचलायला गेली. दोन मिनिटं, फार तर तीन. परत येऊन बघते तर खुर्ची बाजूला सरकवलेली, दार सताड उघडं, अण्णांच्या चपला गायब.

"अण्णा!"

ती तशीच अनवाणी हमरस्त्याकडे धावली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं मान हलवली, नाही पाहिलं. रस्त्यावर ट्रक, बस, मोटारी, आणि अण्णा कुठंच नाहीत. "गॅरंटी सांभाळत बसले आणि बाप घालवला," ती मोठ्यानं म्हणत होती. लोक वळून बघत होते, बघेनात का! फोनही घरीच राहिला होता. ती रडत रडत मागे वळली.

अण्णा पायरीवर बसले होते. दार ओढून घेतलेलं आणि हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. ती धावत जवळ गेली, तसा अण्णांनी एक हात आडवा केला.

"थांबा बाई. आत जायचं नाही."

"अण्णा, अहो, मी..."

"हे दार लागत नाही. पलीकडच्या बोळापर्यंत गेलो होतो खेपेला, मग आठवलं, उघडंच राहिलंय. परत आलो." त्यांना धाप लागली होती. "आज पत्रं राहिली तर राहिली. माझी धाकटी एकटीच आहे आत."

धाकटीनं पुढं टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"किती वर्षांची आहे?" तिनं विचारलं.

"सहा. घाबरते फार."

धाकटीनं पदरानं तोंड पुसलं आणि ती खालच्या पायरीवर बसली.

"मीही बसते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "पाचला लागतं ते."