धाकटी उठत नाही

मित्रांनो, मी इस्पितळाच्या तळघरातला जुना सर्व्हर आहे. स्वतःला ‘एक’ म्हणवून घेताना मात्र मला संकोच वाटतो. बाहेरून माझे कपाट एकच दिसते, पण आत तिघींचा संसार होता.

कारखान्यातून आलो तेव्हा मी अखंड होतो. इथल्या जुन्या सरांनी माझी बुद्धी, स्मृती आणि डिस्क यांच्या वाटण्या करून तीन स्वतंत्र यंत्रे उभी केली. एक बंद पडले तरी दुसऱ्याला झळ लागत नसे. भांडणतंट्याविना झालेली अशी वाटणी माणसांत क्वचितच होत असावी. सरांनी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी अशी नावे दिली. थोरली रुग्णांची नोंदणी सांभाळायची, मधली औषधांचा साठा आणि धाकटी एक्स-रेची चित्रे.

मला फारसे कोणी बंद करत नसे. कधी केलेच, तर पुन्हा सुरू करताना सर तिघींना एकदम उठवत नसत. थोरली पुरती जागी झाली की मधली, आणि मग धाकटी. जागे होताच आपली प्रणाली कुठे शोधायची, हे प्रत्येकीला नेमून दिलेले असते: अमुक खाचेतले, डिस्कशी जोडून देणारे कार्ड आणि त्यामागची डिस्क. ती सापडली की पुढचे सारे आपोआप होते. धाकटीला सर्वांत जास्त वेळ लागायचा.

“लाडावून ठेवलीय,” असे म्हणत सर खुर्ची ओढून बसायचे. ती उठल्याशिवाय चहाला जात नसत.

सर निवृत्त झाले. पुढे धाकटीच्या कार्डाची खाच बिघडली. दुरुस्तीला आलेल्या माणसाने कार्ड शेजारच्या खाचेत बसवले आणि सुरू करताना डिस्क हाताने निवडून दिली. धाकटी उठली, तो गेला. पण ती निवड त्या एका वेळेपुरती होती. नवी जागा त्याने कायमची नोंदवलीच नाही. धाकटी पुढे वर्षानुवर्षे अखंड चालू राहिली, त्यामुळे ही चूक कोणाच्या ध्यानातही आली नाही.

मग इमारतीच्या विजेच्या तारा बदलायचे काम निघाले आणि आम्हाला बंद केले. काम संपल्यावर थोरली उठली, मधली उठली. धाकटी जुन्या खाचेशी गेली. ती रिकामी होती. पडद्यावर ओळ उमटली: ‘सुरू करण्याजोगे काही सापडले नाही.’ कोणी पुन्हा प्रयत्न केला की ती पुन्हा तिथेच जायची. तिची डिस्क शेजारीच फिरत होती. मला ते कळत होते, पण सांगता येत नव्हते.

कंपनीचा अभियंता आला. धाकटी पुसून तिचा वाटा थोरलीला द्यावा, असे त्याचे म्हणणे पडले. तेवढ्यात एक्स-रे विभागाच्या ताई जिना उतरून आल्या.

“पुसू नका हो. वरच्या आजींच्या फुप्फुसावर डाग दिसतोय. जुना असेल तर घरी सोडू, नवा असेल तर उद्या ऑपरेशनच्या टेबलावर घ्यावं लागेल. त्यांचं आधीचं चित्र यातच आहे.”

“ताई, डिस्क मेलीय. मेलेल्याला किती हाका मारणार?” अभियंता म्हणाला.

सरांच्या जागी आलेल्या मॅडम शेजारीच उभ्या होत्या. “मेली कशावरून?”

“पडद्यावर लिहिलंय की, सापडली नाही.”

“आमच्या ह्यांनाही रोज चष्मा सापडत नाही.”

“मग कुठे असतो?”

“कपाळावर. सरका जरा.”

मॅडमनी धाकटीला नेमून दिलेली जागा उघडून पाहिली. मग माझे मागचे दार उघडून खाचा पाहिल्या. “ही बिचारी बंद घराची कडी वाजवतेय,” त्या म्हणाल्या, “आणि बिऱ्हाड शेजारी हललंय.” त्यांनी नवी जागा नोंदवली, कायमची केली, आणि धाकटीला हाक दिली.

धाकटी उठली. सावकाश, नेहमीसारखीच.

डाग जुनाच निघाला. आजी दुसऱ्या दिवशी घरी गेल्या.

पण एवढ्या धसक्यानंतर जुन्या यंत्रावर चित्रे ठेवायला कोणी धजेना. ती सारी नव्या यंत्रात हलवली. त्यात चुकीचे काहीच नव्हते. मग मॅडमनी धाकटीला रीतसर बंद केले आणि तिचा वाटा थोरलीला दिला. थोरली आता चटचट कामे उरकते. लोक तिचे कौतुक करतात. मी ते ऐकतो आणि माझ्यातली कोणती स्मृती पूर्वी कोणाची होती, ते आठवत राहतो.

मित्रांनो, वस्तू हलवा, घरे बदला. फक्त मागून शोधत येणाऱ्यासाठी नवी जागा सांगून ठेवा. धाकटी रिकाम्या खाचेशी जाऊन परत यायची, तेव्हा मला ते बघवत नसे. आता वाटते, तेव्हा निदान ती शोधत तरी होती.