रोसाचे फोटो आणि मी, बिनतारी ग्रिप

मित्रांनो, जुनी म्हणावी इतकं काही माझं वय नाही. माझ्या वयाचे मोबाइल अजून लोकांच्या हातांत मिरवतात. मी मात्र कट्टा गावच्या बाजारातल्या एका फोटो स्टुडिओच्या खणात पडून असते, आणि खरं सांगू का, मला तिथंच बरं वाटतं. मी कॅमेऱ्याची बिनतारी ग्रिप. मुठीत मावणारा काळा दांडा, अंगठ्याखाली बटण; दांडा उघडला की त्याचेच पाय होतात. इकडे बटण दाबलं की तिकडे लांब उभा असलेला कॅमेरा फोटो काढतो. वायर नाही की काही नाही!

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. आठवतं ते मालवणातलं मंगेशचं दुकान. तिथं जासिंतकाका आणि त्यांची लेक मर्लिन मला बघायला आले. जासिंतकाका फोटोग्राफर. पंचक्रोशीतल्या किती नवऱ्यामुलींचा रोस त्यांनी टिपला असेल! रोस म्हणजे ख्रिस्ती लग्नाच्या आदल्या दिवशीचा सोहळा. घरचे नि शेजारचे नवरीला नारळाचं दूध लावतात, आशीर्वाद देतात. आता त्यांच्याच मर्लिनचा रोस होता.

"पप्पा, तू माका रोस लावतलंस, काय फोटो काढीत रवतलंस?" मर्लिननं विचारलं.

"दोनय करतलंय गो."

"त्या सिद्धेशाक बोलावया ना."

"माझ्या चेडवाच्या रोसाक दुसरो फोटोग्राफर? लोक हसतले माका!"

मंगेशनं बारका रिमोट पुढे केला. काकांनी तो बोटांत फिरवला आणि ठेवून दिला. इवलंसं बटण, ते बघूनच दाबावं लागणार. मग त्यांनी मला उचललं. माझं बटण अंगठ्याला आपोआप सापडलं.

"हीच घेवया. हिच्याकडे बघूक नको. माझी नजर तुझ्यारच रवतली," ते म्हणाले. मर्लिन हसली. तेवढ्या हसण्यावर माझी निवड झाली. काय फुगले होते मी! गावभर काका मला दाखवत फिरले. "बिनतारी आसा," म्हणायचे. लोकही "वा वा" करायचे.

रोसाच्या दिवशी अंगणात मांडव होता. बायका जुनी गाणी म्हणत होत्या. मर्लिन मधोमध बसली होती आणि समोर स्टँडवर कॅमेरा होता. त्याचा छोटा पडदा काकांनी आपल्याकडे वळवून ठेवला होता. आई तेरेझानं रोस लावला, मावश्यांनी लावला. मग काका पुढे आले. डाव्या मुठीत मी, उजव्या हातात दुधाची वाटी. मर्लिननं मान वर केली. पापण्यांवर दूध, डोळ्यांत पाणी. ती बापाकडे बघत होती.

आणि काका बघत होते पडद्याकडे! एका मावशीचं डोकं चौकटीत कापलं जात होतं ना. जित्याची खोड, दुसरं काय?

"मान जरा डाव्याक घे गो," काका म्हणाले.

मर्लिननं निमूटपणे मान वळवली. वाटी रिकामी झाली. अंगठा माझ्यावर दाबला गेला, पुन्हा पुन्हा. आणि मी मूर्ख, दर वेळी इमानेइतबारे चालले! एकदा तरी बंद पडायला हवं होतं मी. ते मला आजही खातं.

संध्याकाळी फोटो उघडले. उजेड सुंदर, रंग सुंदर. प्रत्येक फोटोत सगळे मर्लिनकडे बघताहेत. एकटा तिचा बाप मात्र कपाळाला आठ्या घालून कॅमेऱ्याकडे बघतोय. मर्लिन मागे येऊन उभी राहिली होती. "लाईट बरो पडलो हा, पप्पा," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

काकांना जेवण गेलं नाही. "तेरेझा, माका परत एकदा लावूक मेळात काय गो?"

"रोस एकदाच लागता, जासिंत."

काकांनी मला तसंच, न पुसता खणात टाकलं. बटणाच्या फटीत दूध वाळून बसलं. मुंग्या आल्या. मला त्याचं काही वाटलं नाही.

लग्न झालं. मर्लिन नवऱ्याबरोबर मस्कतला निघाली. गाडी दारात आली. पुढचं मी ऐकलेलं सांगते, स्टुडिओत आल्यागेल्याला तेरेझाकाकी हेच सांगते. काकांच्या गळ्यात सवयीनं कॅमेरा होताच. त्यांनी तो काढून गाडीवाल्या बाबलीच्या हातात दिला.

"माका खंय येता, काका?" बाबली घाबरला.

"येवक नको. बटण दाब फक्त."

बाबलीनं काढलेला तो फोटो आज स्टुडिओत दर्शनी भिंतीवर आहे. तिरका, धुरकट. गिऱ्हाईकं विचारतात, "असो फोटो लावतत काय?" त्यात मर्लिन रडत रडत हसतेय आणि काकांची नुसती पाठ दिसतेय. चेहरा नाहीच, कारण तो मर्लिनकडे आहे.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, पुसून ठेवा, मुंग्या लागू देऊ नका. पण कुणी मान वर करून तुमच्याकडे बघत असेल, तर आधी मला खाली ठेवा. माझे पाय उघडतात, मी टेबलावर एकटी उभी राहू शकते.