न बसवलेला जावई

सुदर्शनला हरायला साधारण पस्तीस मिनिटं लागत. जिंकायलाही तेवढीच लागली असती, पण जिंकलं की प्रणय फिट्टंफाट झाल्याशिवाय उठू देत नसे. मग दुसरा डाव, मग तिसरा. स्वतः जिंकला की मात्र तो खूश होऊन एका डावावर थांबायचा. वाळूजच्या कारखान्यात दिवसभर गाड्यांचे सुटे भाग तपासून आलेल्या माणसाला यातलं शहाणपण कोणी शिकवावं लागत नाही.

खेळ पत्त्यांचा, पण आपल्या बावन्न पत्त्यांचा नव्हे. राक्षस, योद्धे, मंत्रतंत्र असलेले परदेशी पत्ते. ज्याने त्याने आपापला जोड जमवायचा आणि समोरच्याशी लढवायचा. कॉलेजात असताना हे दोघं क्रांती चौकातल्या एका हॉटेलात एका चहावर दोन-दोन तास पत्ते पिसत बसायचे. मालकाने उठवलं तरच उठायचे. पत्त्यांची परदेशी नावं जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी सगळ्यांची बारशी करून टाकली होती. मैदानातलं सगळं झाडून नेणारी ती सासू. सोनेरी चिलखतातला सगळ्यात मोठा राक्षस तो जावई, कारण त्याला मैदानात बसवायचं तर घरातलं होतं नव्हतं ते द्यावं लागतं, आणि एकदा बसला की त्याला उठवायची कोणाची छाती होत नाही.

अडीच वर्षांपूर्वी जालना रोडवर प्रणयची मोटारसायकल घसरली आणि मणक्याला मार बसला. दुखणं हत्तीच्या पायांनी येतं आणि मुंगीच्या पायांनी जातं म्हणतात. याचं आलं हत्तीच्याच पायांनी, जायचं मात्र नाव घेईना. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी त्याचं ऐकत होती. हातात पत्ते धरणं संपलं. तेव्हा सुदर्शननेच शोधून काढलं की या खेळाच्या कुठल्याशा वेड्यांनी निव्वळ हौसेपोटी कंप्युटरवर खेळायचा एक सिम्युलेटर बनवलाय. पत्ते सगळे फुकट, पिसायचं काम यंत्राचं, आणि खेळायला माऊसवर दोन बोटं पुरतात. मग रोज संध्याकाळी सातला सुदर्शन छावणीतल्या आपल्या खोलीत आणि प्रणय पुंडलिकनगरात पलंगावर, फोन स्पीकरवर टाकून खेळायला बसू लागले.

पहिलं वर्ष मजेत गेलं. शिव्या, चिडवाचिडवी, कॉलेजच्या आठवणी. पण आठवणी तरी किती पुरणार? प्रणयकडे नवीन सांगायला काही घडत नव्हतं, आणि सुदर्शनकडे घडायचं ते सांगण्यासारखं नव्हतं. रोज मरे त्याला कोण रडे, अशी गत. सुदर्शन घरी आला की त्याचे पाय भरून आलेले असत, बायको अपेक्षा जेवायला वाढू का विचारायची, आणि घड्याळ सातकडे सरकू लागलं की आज लाइट जावी असं त्याला वाटायचं. जिवाभावाच्या मित्राशी खेळायच्या नावाने असं वाटावं, याची त्याला स्वतःलाच शरम वाटे. म्हणून दिवाळीनंतर कधीतरी त्याने जावई हातात असतानाही बसवायचा नाही, अशी वाट काढली. "जावई काय येईना यार," असं फोनवर म्हणायचं, मुकाट्याने हरायचं आणि आठच्या आत पाठ टेकायची.

शनिवारी, कंपनीच्या बसमध्ये तो पेंगत होता, तेव्हा प्रणयचा निरोप आला. कालचा डाव परत लावून बघ, सातवी चाल.

सिम्युलेटर खेळलेला प्रत्येक डाव जपून ठेवतो, एवढं सुदर्शनला माहीत होतं. पण डाव परत लावला की दोघांच्याही हातातले पत्ते उघडे दिसतात, हे काही माहीत नव्हतं. संपलेला डाव परत पाहायला त्याला सवड कुठे होती? घरी येऊन त्याने पाहिलं. सातव्या चालीला त्याच्या हातात सोनेरी जावई ढळढळीत दिसत होता. त्याने परवाचा डाव लावला, तेरवाचा लावला. सगळीकडे जावई. वेळच वेळ असलेल्या माणसाने हे महिनाभराचे डाव एकेक करून पाहिले असणार, हे त्याच्या लक्षात आलं आणि कानशिलं तापली.

त्या दिवशी सातला प्रणय आला नाही. रविवारीही नाही. सोमवारी सकाळी त्याच्या आईचा, सुलेखाकाकूंचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की दोन दिवस झाले, त्याने कंप्युटर लावू दिला नाही, धड जेवत नाही. रोज सहाला स्वतःहून दाढी करून मागायचा, तीही नको म्हणतो. तुझ्याशी खेळायचं म्हणूनच तो माणसात असतो रे, तुमचं काही बिनसलंय का?

सुदर्शन कामावरून थेट पुंडलिकनगरला गेला. वाटेत त्याने सांगायला दोन-तीन सबबी जुळवल्या. तुला बरं वाटावं म्हणून हरत होतो, ही त्यातली सगळ्यात चांगली. तिच्यात निदान मोठेपणा होता.

प्रणय भिंतीकडे पाहत होता. गालांवर खुंट वाढले होते.

"दया करतो व्हय माझ्यावर?" त्याने विचारलं.

आता मोठेपणाची सबब काढायची वेळ होती. पण सुदर्शन सकाळी सहापासून उभा होता, आणि खोटं बोलायलाही अंगात बळ लागतं. तो खुर्चीत बसला आणि खरं तेच बोलून गेला.

"दया-बिया काय नाय. मला कंटाळा येतो. लई थकतो मी प्रणय. जिंकलो तर तू सोडत नायस, म्हणून हरतो. लवकर सुटावं म्हणून."

आपण काय बोलून बसलो, हे सुदर्शनला बोलल्यावर कळलं. पलंगावर पडलेल्या माणसाला तुझा कंटाळा येतो म्हणायचं म्हणजे त्याच्या हातातली काठीच काढून घ्यायची.

प्रणयने मान वळवली, तेवढी वळत होती.

"कधीपासनं?"

"दिवाळीपासनं."

"मग बोलला का नायस?"

"कसं बोलणार? तू असा..."

"हां," प्रणय म्हणाला. "हरला ती दया नव्हती. बोलला नायस, ती दया."

मग प्रणय हळूहळू बोलता झाला. इथं येणारा जो तो गोड बोलतो, म्हणाला. डॉक्टर गोड, मामा गोड, शेजारी गोड. अडीच वर्षांत त्याचा कंटाळा आलाय असं तोंडावर म्हणणारा सुदर्शन पहिलाच. ऐकून वाईट वाटलंच, ते त्याने लपवलं नाही. पण चारचौघांना वाटतं तसं वाटलं, आजाऱ्यासारखं नव्हे, असंही म्हणाला. मग त्यानेच ठरवलं, रोज नको. बुधवारी आणि रविवारी. बाकी दिवस सिम्युलेटरवर परके लोक असतात, ते मला ओळखत नाहीत, त्यांच्याशी मी खेळेन किंवा नाही खेळणार, तू त्यात पडू नको.

"पण जावई आला तर बसवायचा," तो म्हणाला. "नायतर येऊ नको."

सुदर्शनने मान हलवली. अंगावरून ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं. इतकं हलकं वाटावं हे बरं नव्हे, हेही कळत होतं, पण वाटलं खरं.

बाहेरच्या खोलीत काकू चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. पायांत चपला होत्या. त्यांनी सगळं ऐकलं नसावं, कारण चेहरा उजळलेला होता.

"मिटलं ना? मग आजपासनं सातला हाय ना रे?"

सुदर्शनने सांगितलं. आठवड्यातून दोनदा, काकू. बुधवार आणि रविवार. त्याचं त्यानेच ठरवलंय.

काकूंनी पायातल्या चपलांकडे पाहिलं. तेव्हा कुठे सुदर्शनच्या डोक्यात अडीच वर्षांत कधीच न आलेला प्रश्न आला.

"काकू, आम्ही खेळायला बसलो की तुम्ही कुठं जायच्या?"

"कुठं नाय बाबा. खाली वट्ट्यावर बसायचे. तेवढा वेळ कोणी हाक मारीत नाय."

मी येऊन बसत जाईन काकू, नुसता बसेन, तुम्ही खाली जात जा, हे शब्द सुदर्शनच्या अगदी ओठांवर आले. पण उद्याचा दिवस त्याला दिसत होता, परवाचा दिसत होता, भरून आलेले पाय दिसत होते. त्याने चहाचा घोट घेतला आणि शब्द घोटाबरोबर गिळले.

"दोन तर दोन," काकू म्हणाल्या. "मला वाटलं होतं, आता कायमचंच बंद झालं."

आतून प्रणयने आईला हाक मारली. दाढीचं सामान आणायला सांगत होता. काकूंनी चपला काढून भिंतीशी सरळ लावल्या आणि पाणी तापवायला गेल्या.